खिडकी खालून सडते

जुनी खिडकी दाखवायला कोणी बोलावलं की मी आधी तिच्यासमोर खाली बसतो. उभ्याने बघणाऱ्या सुताराला रंगाचे पोपडे, तडकलेलं तावदान आणि लोंबणारी कडी दिसते, आणि तो गिऱ्हाइकाला नव्या खिडकीचा भाव सांगून मोकळा होतो. आजार असतो खाली. पावसाचं पाणी काचेवरून ओघळत पल्ल्याच्या खालच्या आडव्या पट्टीवर उतरतं आणि ती पट्टी उभीला जिथे मिळते त्या सांध्यात शिरून बसतं. तिथे लाकडाचं तोंड उघडं असतं, आणि लाकूड अंगाने पितं त्याच्या कितीतरी पट पाणी तोंडाने पितं. मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघतो. टोक रुतलं की तेवढं लाकूड गेलं. मग टोचत टोचत वर सरकतो. बहुतेक खिडक्यांत चार-सहा इंचांवर टोक अडतं आणि त्याच्या वरचं लाकूड खणखणीत निघतं. या धंद्यात मला जे काही कळलं, ते बरंचसं या एका रेषेबद्दल आहे. कुठवर कापायचं, आणि कुठून पुढे हात लावायचा नाही.

आम्ही राहायला शीव कोळीवाड्यात. कोळी नव्हे, राजापूरकडचे सुतार. वडील माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते, घरून चालत जायचे. जीआयपी रेल्वेने १९१५ साली सुरू केलेलं हे डबेदुरुस्तीचं वर्कशॉप. पेरांबूरच्या कारखान्यातून १९५५पासून पोलादी डबे निघायला लागले, तरी लाकडी अंगाचे डबे काही एका रात्रीत मोडीत गेले नाहीत, आणि त्यांच्या खिडक्यांना हात लावणारे सुतार लागतच होते. त्या खिडक्या चौकटीच्या खाचांत वर-खाली चालायच्या, एक काचेची, एक झिलमिलीची. उचलून खटक्यावर ठेवायची. खटका नीट बसला नाही तर बोटं चेचायची. वडील म्हणायचे, खाचेतल्या खिडकीला एक सूत मोकळीक द्यावी. कमी दिली तर पावसात आवळते, जास्त दिली तर रात्रभर खडखडते आणि उतारूंची झोप उडवते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आजही माझ्या डोक्यात मिलिमीटर येत नाहीत, सुतंच येतात.

विलायतेत घरांनाही अशीच वर सरकणारी खिडकी असते. पल्ल्याला दोरी, दोरीला लोखंडी वजन, आणि ते वजन चौकटीच्या पोकळीत लपवलेलं. मुंबईत ती फारशी रुजली नाही, ते बरंच झालं. ती अर्धीच उघडते. मे महिन्यात अर्धी हवा घेऊन करायचं काय? गिरगाव-दादरच्या घरांनी बिजागरीवर सताड उघडणारे पल्ले घेतले, त्यांत झिलमिली बसवल्या आणि वर रंगीत काचांची झडप ठेवली. झिलमिल मिटलेली असली तरी वारा येतो, पाऊस येत नाही, आणि समोरच्या चाळीतून घरातलं दिसत नाही. ज्याने कोणी हे पहिल्यांदा इथे बसवलं त्याला मुंबईचं हवामानही कळत होतं आणि शेजारीही.

कोळीवाड्यात वाढल्याचा मला एक फायदा झाला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे कोळीबाबा बसायचे. वयात असताना होड्यांची दुरुस्ती केलेले. मी लहान असताना त्यांनी सांगितलेलं होतं की लाकूड पाण्यात बुडालेलं असलं तरी टिकतं आणि कोरडं असलं तरी टिकतं. आज ओलं, उद्या कोरडं, परवा पुन्हा ओलं असं झालं की मरतं. होडीसुद्धा पाण्याच्या रेघेपाशी आधी कुजते, तळाशी नाही. पुढे धंद्यात पडल्यावर मी जितक्या खिडक्या उघडल्या त्या सगळ्यांनी हेच सांगितलं. वरून छज्जा असलेली खिडकी शंभर वर्षांची असली तरी ठणठणीत, आणि तिच्याच शेजारची, छज्जा पडून गेलेली, दहा पावसांत पोकळ. वय विचारायचं नसतं. पाणी कुठून येतं आणि कुठून जातं, ते विचारायचं.

पहिला धडा मात्र गिरगावात मिळाला, एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. जुलै महिना. खिडकी लागत नाही म्हणून एका आजींनी बोलावलं होतं. माझ्याबरोबरच्या मिस्त्रीने पल्ला हलवून बघितला, कड आवळली होती. मी पिशवीतून रंधा काढला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि आजींना म्हणाले, "आजी, दोन महिने दोरी बांधून ठेवा. दिवाळीच्या आधी येतो." आजींना वाटलं, काम छोटं आहे म्हणून टाळतोय. त्या चांगल्याच रागावल्या. पायऱ्या उतरताना मिस्त्री म्हणाले, आत्ता दोन सूत मारलेस तर बंद होईल, पण ऑक्टोबरात लाकूड आकसेल आणि फटीतून वारा शिट्ट्या मारील. मग पुढच्या पावसात त्याच फटीतून पाणी आत. नवरात्रात आम्ही गेलो तेव्हा पल्ला आपोआप मोकळा झालेला होता. फक्त वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल होते, म्हणून तो खाली झुकून चौकटीला घासत होता. ते आवळले, काम संपलं. पैसे जेमतेम चहापुरते झाले. पण त्या आजींनी पुढे अख्ख्या मजल्याची कामं दिली.

पावसाळ्यात रंधलेल्या खिडक्या मी पुढे शेकड्याने बघितल्या असतील. चाळीत अशी खिडकी लगेच ओळखू येते. पल्ला आणि चौकट यांच्यामधे कुठेतरी कापडाची चिंधी किंवा वर्तमानपत्राची घडी कोंबलेली असते.

आता लाकडाविषयी. जुन्या मुंबईच्या खिडक्यांत जे सागवान सापडतं ते बरंचसं ब्रह्मदेशातलं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली निघाली ती याच सागासाठी, आणि तिच्या भांडणाचं निमित्त करून इंग्रजांनी १८८५मध्ये ब्रह्मदेशाशी तिसरं युद्ध केलं. गिरगावातल्या खिडकीच्या पट्टीमागे एवढं राजकारण आहे. त्याही आधी मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागाची जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ साली पाण्यात सोडलेलं 'ट्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतं आहे. ओकच्या लाकडातलं आम्ल लोखंडी खिळा खातं. सागाच्या अंगात तेल असतं, त्यामुळे खिळाही टिकतो आणि लाकूडही. त्याच सागात वाळूसारखा बारीक कणही असतो, म्हणून धार लवकर जाते. दिवसातून चार वेळा पटाशी दगडावर घासायचा कंटाळा असेल त्याने या कामात पडू नये.

म्यानमारने २०१४च्या एप्रिलपासून सागाचे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. आपल्याकडचा बल्लारशाह-आलापल्लीचा साग उत्तमच आहे, अयोध्येच्या मंदिराच्या दारांना तोच गेला. बाजारात त्याला अजून 'सीपी', म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा, म्हणतात. पण चाळीच्या खिडकीला तो परवडत नाही आणि जुन्या लाकडाशी त्याची जातही जुळत नाही. म्हणून ठिगळासाठी मी पाडलेल्या इमारतींचं लाकूड घेतो. रे रोडला दारूखान्यात, लकडा बंदराच्या बाजूला, जुन्या तुळया, चौकटी, कठडे रचलेले असतात. तिथे तासभर फिरावं. तुळईच्या कापलेल्या तोंडावर थुंकी लावून अंगठ्याने पुसलं की वर्षांच्या रेघा दिसतात. रेघा दाट असल्या की घ्यायचं. दुकानदार तोपर्यंत आपल्याकडे संशयाने बघत असतो, बघू द्यावं.

ठिगळ कसं घालतात ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे काम हल्ली कोणी शांतपणे करत नाही.

पल्ला उतरवायचा म्हणजे आधी स्क्रूची खाच शोधायची. ती रंगाच्या पाच-सहा थरांखाली असते. ब्लेडने खाच मोकळी करून स्क्रू आधी किंचित आवळायचा, 'टक' असा आवाज आला की मग उलटा फिरवायचा. सरळ सोलायला गेलं तर डोकं झिजतं आणि मग ड्रिल मारण्यावाचून गती नाही. पल्ला घोडीवर आडवा घातला की सांध्यावर बांबूच्या खुंटीची गोल तोंडं दिसतात. जुन्या कारागिरांचा सरसावर विश्वास नव्हता, पावसात सरस सुटतो हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून कुसू, म्हणजे एका पट्टीच्या टोकाची जीभ, दुसरीच्या भोकात बसवल्यावर आरपार खुंटी मारत. ती मागून ठोकून काढायची, सांध्यावर गरम पाण्याचं फडकं ठेवायचं, थोड्या वेळाने सरस नरम पडतो आणि लाकडाच्या ठोकळ्यावरून मोगरीने दोन ठोके दिले की सांधा उघडतो.

आता कुजकं लाकूड कापायचं. सरळ आडवं कापलं तर सांध्याची रेघ आडवी राहते आणि तिच्यात पाणी थांबतं. म्हणून तिरकं कापायचं, जाडीच्या निदान चौपट लांबीत, आणि उतार असा ठेवायचा की रेघ बाहेरच्या बाजूला खाली उतरेल. ठिगळाच्या लाकडाच्या रेघा जुन्याच्या रेघांच्याच दिशेने जायला हव्यात, नाहीतर दोन्ही वेगवेगळे फुगतात आणि तिसऱ्या पावसात सांधा तडकतो. खालच्या टोकाला नवा कुसू काढायचा. जोडण्याआधी कुसवाच्या तोंडाला जवसाचं तेल पाजायचं. पितं तेवढं पाजायचं, हिशेब करायचा नाही. जोडून झालं की खुंटी पुन्हा बांबूचीच. आणि शेवटी खालच्या पट्टीच्या पोटाला, कडेपासून दोन सूत आत, एक खाच मारायची. ओघळणारं पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली पडतं, आत सरकत नाही. एवढी बारीक खाच असते की रंगारी ती न बघता भरून टाकतो. खिडकी सडायला तिथून सुरुवात होते.

रंगाऱ्यांवर माझा राग जुना आहे. चौकटीच्या खालच्या पट्टीला पाणी जायला भोक असतं, तेही ते लांबीने बुजवतात, वर ऑइल पेंट मारतात आणि खिडकी चकचकीत दिसते. आत पाणी कोंडलेलं. काचेभोवतीची लांबी घरी करायला काहीच लागत नाही. खडूची पूड आणि जवसाचं तेल भाकरीच्या पिठासारखं मळलं की झालं. तयार डब्यातली स्वस्त लांबी दोन वर्षांत कोरडी पडून सुटते. ही बरीच वर्षं तग धरते, मात्र रंग मारायच्या आधी तिला वाळायला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. तेवढा धीर कोणाकडेच नाही. गणपती तोंडावर आलेले असतात.

जुना रंग काढतानाही एक गोष्ट सांभाळायची. त्यात सफेदा आणि शेंदूर असायचा, म्हणजे शिसं. घरगुती रंगांतलं शिसं नव्वद पीपीएमवर आणणारा नियम आपल्याकडे २०१६ साली निघाला. त्याआधीचे थर बिनधास्त धरू नयेत. आमचे जुने मिस्त्री ब्लो लॅम्पने रंग जाळायचे आणि त्या धुरात बसून डबा खायचे. मी ते बंद केलं. ओला करून खरवडायचा, पोपडे कागदात गोळा करायचे, आणि घरात लहान मूल असेल तर पल्ला उचलून गच्चीवर न्यायचा. गिऱ्हाइकांना हे नाटक वाटतं.

लालबाग-परळची कामं वेगळी. तिथे गिरण्यांच्या चाळींत एका खोलीला एक खिडकी, आणि तिच्यावर माळा, खाली ओटा, बाजूला देव. १९८२च्या संपानंतर कित्येक वर्षं तिकडून दुरुस्तीचं काम येतच नव्हतं. खिडकी ही घरातली शेवटची गरज. तुटलेल्या काचेच्या जागी पत्रा, नाहीतर कॅलेंडरचा पुठ्ठा. त्याच चाळींत मला गिरणीतले एक फिटर भेटले. काम गेलेलं, पण हात तयार. झिलमिलीची एक पट्टी तुटली की आमची पंचाईत व्हायची. पट्टीच्या दोन्ही टोकांच्या खुंट्या उभ्या पट्ट्यांच्या भोकांत अडकलेल्या असतात, त्यामुळे एक पट्टी बदलायला अख्खा पल्ला खोलावा लागतो. त्यांनी माझं काम दाराशी उभं राहून बघितलं, काही बोलले नाहीत. आठवड्याने पितळेची बारीक नळी घेऊन आले. आत स्प्रिंग, टोकाला खिळा. दाबला की आत जातो, सोडला की भोकात बसतो. पट्टी अशी बसली की पल्ला खोलायचं कामच उरलं नाही. पुढे बरीच वर्षं मी त्यांच्याकडूनच त्या खुंट्या घेतल्या. ते गेल्यावर मी एका वर्कशॉपमधून करून घेतल्या, पण त्यात ती सफाई नव्हती.

धंद्याला वळण लागलं ते एका जुन्या संस्थेच्या इमारतीत. मुंबईत वारसा इमारतींची नियमावली १९९५ साली आली. राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या कामाला २००५मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आणि आमच्यासारख्यांना 'साइटवर' बोलावणं यायला लागलं. ठेकेदाराने मला सगळे पल्ले बदलायचा भाव विचारला होता. वास्तुविशारद मॅडम आल्या आणि म्हणाल्या, आधी प्रत्येक पल्ल्याला नंबर द्या, चित्र काढा आणि कुजलेला भाग पेन्सिलीने काळा करा. मला ते कारकुनी काम वाटलं. पंधरा दिवसांनी सगळे कागद भिंतीवर लावले तेव्हा दिसलं की काळा भाग सगळीकडे खालच्या कोपऱ्यांतच आहे, आणि इमारतीच्या पश्चिमेकडे जास्त. पाऊस कुठून मारतो ते त्या भिंतीवर उमटलं होतं. खिडक्यांच्या आधी पश्चिमेच्या छज्ज्यांचं आणि पन्हाळीचं काम निघालं. ठेकेदार नाराज झाला. नवे पल्ले बसवण्यात त्याची कमाई होती. मला मात्र तेव्हापासून कागद-पेन्सिलीची सवय लागली ती सुटलेली नाही.

चाळीतल्या खिडकीला असा कोणी वाली नसतो. भाडं १९४०च्या पातळीवर गोठवणारा कायदा १९४७ला आला. मालकाला घराकडे बघण्यात रस राहिला नाही. १९६९च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं, एकोणीस हजारांवर इमारती उपकराखाली आल्या, पण मंडळाचं पहिलं काम इमारत पडू न देण्याचं. तुळया, खांब, जिना, संडास यांतून पैसा उरला तर खिडकी. भाडेकरू म्हणतो, घर माझं नाही. मालक म्हणतो, राहतो तू. मी दोघांनाही दोष देत नाही. महिन्याला शंभर रुपयेसुद्धा भाडं न येणाऱ्या खोलीला सागाची खिडकी कोण घालणार?

मग ॲल्युमिनियमची सरकती आली. मी तिला शिव्या घालत नाही. तिला रंग लागत नाही, सुतार लागत नाही, काम एका दिवसात होतं. पण ती अर्धीच उघडते, म्हणजे विलायती खिडकीचं दुखणं आपण शंभर वर्षांनी आडवं करून घरात आणलं. शिवाय पावसात बंद केली की वारा शून्य. ज्यांनी झिलमिली काढून ती बसवली त्यांनी दुसऱ्या वर्षी एसी घेतला. काढलेल्या सागाचं काय होतं? जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात जातं, तिथून कुठल्यातरी हॉटेलात. वांद्र्याला एका कॅफेत मी गिरगावच्या पल्ल्यावर काच टाकून केलेलं टेबल बघितलं आहे. झिलमिलीची दांडी तशीच होती, हलतही होती. कॉफीचा भाव ऐकून मी बाहेर आलो.

गेल्या मार्चमधे दादरला एका तरुण जोडप्याने बोलावलं. आजोबांच्या वेळचं घर, दोन खिडक्या, वर हिरव्या-तांबड्या काचा. मी खाली बसलो, टोचून बघितलं, एकीचे दोन्ही खालचे कोपरे गेलेले, दुसरीचा एक. मी विचारलं, इमारत विकासाला जाणार आहे का? म्हणाले, हो, बिल्डरशी बोलणी चालली आहेत, दोन-तीन वर्षं जातील. मी स्पष्ट सांगितलं की मग फक्त खालचं ठिगळ घाला, बिजागऱ्या आहेत त्याच ठेवा, पितळेवर खर्च करू नका. मुलगी म्हणाली, "नाही काका, पितळेच्याच लावा. जाताना आम्ही खिडक्या उतरवून नेणार." मी म्हटलं, नव्या फ्लॅटच्या भिंतीला तुमच्या मापाचं भोक असणार नाही. ती म्हणाली, "ते बिल्डरशी आम्ही भांडू. तुम्ही फक्त अशा बसवा की नंतर काढता येतील."

असं गिऱ्हाईक मला पूर्वी भेटलं नव्हतं. स्क्रू काढायचाच आहे म्हटल्यावर त्याच्या खाचेत रंग जाता कामा नये, म्हणजे आधी रंग, मग बिजागरी. चौकटीसुद्धा उतरवायच्या तर भिंतीतले होल्डफास्ट सिमेंटने पुरायचे नाहीत, चुन्यात बसवायचे. मी मापं लिहून घेतली, पावसाच्या आधी, मेअखेरपर्यंत काम पुरं करायचं ठरलं, आणि पितळी बिजागऱ्यांसाठी दुसऱ्या दिवशी नागदेवीला गेलो.